जुन्या घरात एमसीबी असूनही करंट का लागतो?

एप्रिल लागला की गावोगावी कूलर बाहेर निघतात. वर्षभर टिनाच्या शेडात पडून असलेला पत्र्याचा कूलर धुतला जातो, जुनं गवत काढून नवं भरलं जातं, पंपाची वायर उंदरानं कुरतडलेली दिसली तर तिथं टेप गुंडाळली जाते आणि कूलर खिडकीत लागतो. पुढच्या दोन-अडीच महिन्यांत विदर्भातल्या वर्तमानपत्रांत कूलरचा करंट लागून कोणी दगावल्याच्या बातम्या येत राहतात. त्यात लहान मुलं असतात, घरात अनवाणी वावरणाऱ्या बाया असतात. महावितरण दर उन्हाळ्यात कूलरबाबत सूचना काढतं, तरी पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

अशा घटनेनंतर घरचे लोक एकच गोष्ट विचारतात: फ्यूज चांगला होता, मग उडाला का नाही? एमसीबी नवीन होती, मग पडली का नाही?

फ्यूज काय किंवा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप खाली पडणारा स्विच) काय, ती माणसासाठी बसवलेलीच नसते. ती वायरीसाठी असते. वायरीतून तिच्या ताकदीपेक्षा जास्त करंट गेला तर वायर तापून आग लागेल, ते टाळण्याचं काम तिचं. १६ अँपिअरची एमसीबी १६ अँपिअरपर्यंत स्वस्थ बसते, तसं बसणं हेच तिचं काम आहे. आता माणसाकडे बघा. साधारण १ मिलिअँपिअर, म्हणजे एका अँपिअरचा हजारावा भाग, अंगातून गेला तर मुंग्या आल्यासारखं वाटतं. १० मिलिअँपिअरच्या पुढे हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सुटत नाही. ‘करंटनं धरून ठेवलं’ असं आपण म्हणतो ते हेच. ५० ते १०० मिलिअँपिअर छातीतून काही क्षण वाहिला तर हृदयाची लय बिघडते आणि रक्त फिरायचं थांबतं. घरातला दाब २३० व्होल्ट. हात ओला, पाय अनवाणी, खाली सारवलेली दमट जमीन असेल तर शरीराचा विरोध हजार-दोन हजार ओहमपर्यंत खाली येतो. २३० ला हजारानं भागा: ०.२३ अँपिअर, म्हणजेच २३० मिलिअँपिअर. माणूस मरायला हा करंट पुरून उरतो. १६ अँपिअरच्या एमसीबीला मात्र तो एखाद्या पंख्याएवढाही जाणवत नाही. माणूस कूलरला चिकटलेला असतो आणि एमसीबी वरच राहते.

अर्थिंग आपल्याकडे नेमकी उन्हाळ्यात कमजोर पडते

मग अर्थिंग कशासाठी? कूलरच्या पंपाचं सील गेलं, पाण्यात करंट उतरला, फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, पत्र्याच्या बॉडीला भिडल्यासारखी झाली असं समजा. बॉडीला अर्थिंगची वायर जोडलेली असेल तर करंटला जमिनीत जायला सोपी वाट मिळते. वाट पुरेशी मोकळी असेल तर तिच्यातून इतका जोरात करंट जातो की एमसीबी पडते आणि बॉडी मरते. सगळा खेळ त्या ‘पुरेशी मोकळी’ या अटीवर आहे.

अर्थिंगचा विरोध १०० ओहम असेल तर २३० भागिले १००, म्हणजे २.३ अँपिअर करंट जमिनीत जाईल. एमसीबी पडणार नाही. कूलरची बॉडी रात्रभर जिवंत राहील. विरोध ५ ओहमवर आणला तर ४६ अँपिअरपर्यंत करंट जाऊ शकतो आणि १६ची एमसीबी काही सेकंदांत, फार तर मिनिटभरात पडते. यात डीपीच्या, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरच्या, अर्थिंगचा विरोधही मिसळतो, त्यामुळे प्रत्यक्षातला करंट याहून कमीच असतो.

विदर्भातली काळी कसदार जमीन ओली असते तेव्हा अर्थिंगला फार चांगली. पण ती पाण्यानं फुगते आणि उन्हानं आकसते. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्याच भेगा घराच्या आवारात गाडलेल्या अर्थिंगच्या पाइपाभोवतीही पडतात. माती पाइपाला सोडून देते. श्रावणात तपासलेली उत्तम अर्थिंग मे महिन्यात निकामी असू शकते, आणि कूलर चालतात ते मे महिन्यात. ओलावा नसलेल्या मुरमाड जमिनीवर हा त्रास बारमाही आहे. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात उलट: क्षारांमुळे जमीन करंट चांगला नेते, पण तोच क्षार जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी, पाइप खाऊन टाकतो. वर झाकण शाबूत दिसतं, खाली पाइपाचा भुगा झालेला असतो.

अर्थिंग नीट करायची तर साधारण ४० मिलिमीटर व्यासाचा आणि अडीच मीटर लांबीचा जीआय पाइप उभा गाडायचा, भोवती मीठ-कोळशाचे थर द्यायचे, वर पाणी ओतायला नरसाळं ठेवायचं. भिंतीपासून निदान दीड मीटर दूर, आणि न्हाणीचं पाणी जिकडे मुरतं त्या बाजूला जागा मिळाली तर उत्तम. एका पाइपानं विरोध उतरत नसेल तर पाइपाच्या लांबीएवढं अंतर सोडून दुसरा गाडून दोन्ही जोडावेत. आणि मार्चपासून पाऊस येईपर्यंत दर आठवड्याला त्या नरसाळ्यात दोन बादल्या पाणी. हे एवढं पाणी घालायचं काम बहुतेक घरांत कोणाकडेच सोपवलेलं नसतं. ते सोपवा. भिंतीच्या कडेला हातभर लोखंडी खुंटी ठोकून तिला वायर गुंडाळली, ही अर्थिंग नव्हे.

गावातला वायरमन बऱ्याचदा १०० वॅटचा बल्ब फेज आणि अर्थिंगमध्ये लावून दाखवतो. बल्ब लख्ख लागला की अर्थिंग ‘एक नंबर’. या चाचणीवर विसंबू नका. त्या बल्बचा स्वतःचाच विरोध पाचशे ओहमच्या वर असतो. अर्थिंग ५० ओहमची असली तरी बल्ब जवळजवळ तेवढाच उजेड देतो, डोळ्यांना फरक कळत नाही. आणि ५० ओहमवर एमसीबी कधीच पडत नाही. बल्ब न लागणं म्हणजे अर्थिंग नाही, इतकं खरं. बल्ब लागणं म्हणजे अर्थिंग चांगली, हे खरं नाही. त्यासाठी अर्थ टेस्टर नावाचं यंत्र असतं, ते असलेला माणूस बोलवावा.

माणसासाठी असलेलं यंत्र

कोरड्या उन्हाळ्याच्या या प्रदेशात फक्त अर्थिंग आणि एमसीबीवर जीव टांगता ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. माणसाला वाचवण्यासाठी बनवलेलं यंत्र वेगळं आहे. त्याचं नाव आरसीसीबी. दुकानात काही लोक अजून ईएलसीबीच म्हणतात.

गुराखी सकाळी जितकी ढोरं रानात नेतो तितकीच संध्याकाळी गावात परत आली पाहिजेत. एक जरी कमी भरलं तरी शोध सुरू होतो. आरसीसीबी अशीच मोजणी करते. फेजमधून घरात गेलेला करंट न्यूट्रलमधून तितकाच परत आला पाहिजे. कमी आला तर तो कुठून तरी जमिनीत गेला: भिंतीतून, कूलरच्या बॉडीतून किंवा माणसाच्या अंगातून. फरक ३० मिलिअँपिअरपर्यंत पोचला की ती लाइन तोडते, आणि तेही जास्तीत जास्त ०.३ सेकंदात. फरक त्याच्या पाचपट असेल तर ०.०४ सेकंदात. झटका लागतोच, पण हृदय बिघडायला जेवढा वेळ लागतो तेवढा करंटला मिळत नाही.

वरचं १०० ओहमच्या वाईट अर्थिंगचं उदाहरण पुन्हा घ्या. २.३ अँपिअर एमसीबीला कमी पडले होते. आरसीसीबीच्या दृष्टीनं ते ३० मिलिअँपिअरच्या सत्तरपटीहून जास्त आहेत. कूलरची बॉडी जिवंत झाली त्याच क्षणी, कोणी हात लावायच्या आधी, लाइन जाते. अर्थिंग अजिबातच नसेल तर मात्र आरसीसीबी वाट बघते आणि माणसानं हात लावल्यावर पडते. म्हणून दोन्ही हवीत.

घरगुती वापरासाठी दोन पोलची (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारी), ३० मिलिअँपिअरची घ्यायची. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचीही मिळते, ती मुख्यतः आगीपासून बचावासाठी, माणसासाठी ३०चीच. तिच्यावर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबायचं, खटकन लाइन गेली पाहिजे. न गेल्यास ती बदलावी लागते. एक मर्यादाही लक्षात असू द्या: कोरड्या लाकडी पाटावर उभं राहून एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरली तर जमिनीत काहीच जात नाही, मोजणी बरोबर जुळते आणि ती पडत नाही. शिवाय जास्त लोड झाला तरी तिला कळत नाही. म्हणून एमसीबी काढून तिच्या जागी आरसीसीबी लावायची नसते. ती सोबत लागते.

जुना बोर्ड उघडल्यावर

मातीच्या भिंती, वर कवेलू किंवा टिन, आणि समोर नंतर बांधलेलं घरकुल, असं घर आपल्याकडे गल्लीगल्लीत आहे. जुन्या भागात लाकडी पट्टीवर क्लिपांनी मारलेली वायरिंग, काळी बटणं, मीटरखाली चिनी मातीचा फ्यूज. घरकुलाला वेगळी लाइन क्वचितच असते. जुन्या घरातल्या एखाद्या बोर्डातून बारीक जोडवायर खिडकीतून काढून नव्या घरात नेलेली असते, आणि फ्रिज, टीव्ही, कूलर, पाण्याची मोटर त्या एका वायरीवर.

मुख्य स्विच बंद करून असा बोर्ड उघडला की आत बहुधा पुढच्या गोष्टी सापडतात. सगळ्या वायरी एकाच रंगाच्या, त्यामुळे फेज कोणती आणि न्यूट्रल कोणती याचा मेळ नाही. काही बटणं न्यूट्रलवर बसवलेली: बटण बंद आहे, बल्ब विझला आहे, तरी होल्डरला करंट आहे. बल्ब बदलताना झटका बसतो तो यामुळे. जुनी वायर ॲल्युमिनियमची असेल तर तिला तांब्याची वायर पिळून टेप मारलेली. या दोन धातूंचा असा जोड काळानुसार गंजतो आणि सैल होतो, सैल जोड तापतो, वरचं आवरण जळून ठिसूळ होतं. बोर्डाच्या लाकडावर काळा डाग दिसला तर तो जोड आधीच अनेकदा तापून गेलेला आहे.

फ्यूजच्या ग्रिपमध्ये फ्यूज वायरऐवजी जाड तांब्याचे पदर गुंडाळलेले असतात, कारण ‘सारखा उडायचा’. सारखा उडणारा फ्यूज वायरीवर तिच्या ताकदीबाहेर ओझं असल्याचं सांगत होता. पदर गुंडाळल्यावर फ्यूज उडायचा थांबतो आणि आता भिंतीतली वायर फ्यूजच्या जागी जळते. त्यात टिनाला चिकटून गेलेली वायर मे महिन्याच्या दुपारी करंट वाहायच्या आधीच तापलेली असते.

या सगळ्यात सर्वांत घातक गोष्ट मात्र दिसायला अगदी किरकोळ असते. थ्री-पिन सॉकेटच्या वरच्या मोठ्या छिद्राला अर्थिंगची वायर नसते, म्हणून कोणीतरी न्यूट्रलवरून बोटभर तुकडा घेऊन तिथं जोडलेला असतो. फ्रिजच्या बॉडीला हात लावल्यावर येणाऱ्या मुंग्या यानं थांबतात आणि घरचे समाधानी होतात. पण ती न्यूट्रल सॉकेटच्या मागे कुठेही तुटली किंवा सैल झाली, तर फ्रिजमधून आलेला फेज त्याच तुकड्यातून बॉडीवर उतरतो. मशीन चालत नाही, वाटतं लाइट गेली, आणि हात लावणाऱ्याला पूर्ण २३० व्होल्ट बसतात. असा तुकडा दिसला तर त्याच दिवशी काढून टाकावा.

याचंच मोठं रूप म्हणजे लाइन मंद येते म्हणून घराची न्यूट्रल अर्थिंगच्या पाइपाला जोडून घेणं. डीपीकडची न्यूट्रल तुटली असेल तर शेजारपाजारच्या घरांचा करंटही तुमच्या त्या पाइपातून जमिनीत शिरू पाहतो, पाइपाभोवतीची ओली जागा आणि घरातली अर्थिंगला जोडलेली प्रत्येक बॉडी धोक्यात येते. एका घरी बल्ब मंद आणि दुसऱ्या घरी एकाएकी लख्ख होऊन फुटत असतील तर डीपीवरची न्यूट्रल गेली असं समजावं. अशा वेळी मेन स्विच बंद करून लाइनमनला किंवा १९१२ या क्रमांकावर कळवणं एवढंच आपल्या हातात आहे, कारण मीटरपर्यंतचं काम महावितरणचं आणि मीटरच्या पुढचं आपलं.

टिन आणि कपडे वाळवायची तार

टिनाच्या भिंतीतून किंवा छताखालून वायर नेताना भोक पाडतात आणि वायर तशीच ओवतात. वाऱ्यानं टिन हलतं, धार वायरीवर घासते, एखाद्या पावसाळी रात्री आवरण कापलं जातं आणि अख्खी भिंत जिवंत होते. जिथं जिथं वायर टिनातून जाते तिथं प्लॅस्टिकच्या पाइपाचा तुकडा घालून त्यातून वायर न्यावी. हे अगदी थोड्या पैशांचं काम आहे.

खांबावरून येणाऱ्या सर्व्हिस वायरीला आधाराला जीआय तार असते. ती घासून घासून सर्व्हिस वायरीचं आवरण जातं, मग आधाराची तार, ती जिथं बांधली ते टिन आणि टिनाला बांधलेली कपडे वाळवायची तार हे सगळं एक होतं. पावसाळ्यात ओले कपडे टाकताना बाया दगावतात त्या अशा. कपड्यांसाठी लोखंडी तार काढून नायलॉनची दोरी बांधावी, आणि ती वीज असलेल्या कशालाही बांधू नये.

पैसे एकदम नसतील तर

सगळं घर एका दमात बदलणं कापसाचे पैसे हाती आल्यावरही अनेकांना जमत नाही. क्रम नीट लावला तर तीन हंगामांत जमतं.

आधी मीटरनंतर चांगला मेन स्विच, आरसीसीबी आणि नवीन अर्थिंग. सोबत कूलर, फ्रिज आणि मोटर यांच्यासाठी मेन स्विचच्या डब्यापासून थेट तीन वायरींची स्वतंत्र लाइन. जीव वाचवायचं निम्म्याहून जास्त काम इथं होऊन जातं, म्हणून यंदाच्या उन्हाळ्याआधी एवढं तरी कराच. मग घरकुलाची ती खिडकीतून आलेली जोडवायर काढून तिथं वेगळी लाइन आणि वेगळी एमसीबी. जुन्या भागातले दिवे-पंखे शेवटी.

वायर तांब्याची, आयएसआय खुणेची, आयएस ६९४ छापलेली घ्या. दुकानात दीड एमएम, अडीच एमएम अशी मागतात. दिवे-पंख्यांना दीड एमएमवर ६ किंवा १० अँपिअरची एमसीबी, मोठ्या सॉकेटला अडीच एमएमवर १६ची, गिझर किंवा एसी असेल तर ४ एमएम. वायर बारीक आणि एमसीबी मोठी हे कधीही चालत नाही. लाल, पिवळी किंवा निळी फेजला, काळी न्यूट्रलला, हिरवी अर्थिंगला. हा रंगांचा नियम घरभर एकच ठेवायला सांगा. मातीच्या भिंतीत खाचा पाडून वायर पुरू नये. भिंत कमजोर होते, पावसाळ्यात ओल धरते. वरून पीव्हीसीची पट्टी किंवा पाइप मारावा. जुन्या लाकडी पट्ट्या उधई खाते, पीव्हीसी खात नाही.

काम परवाना असलेल्या वायरमनकडून करून घ्या. लोड वाढत असेल तर महावितरणकडे मंजूर भारही वाढवून घ्यावा.

कूलरबाबत इतकं: पाणी भरताना, आत हात घालताना बटण बंद करणं पुरत नाही, प्लग उपसून ठेवावा, कारण बटण न्यूट्रलवर असलं तर बंद करूनही पंपाला फेज असतो. टू-पिन प्लग असलेला पत्र्याचा कूलर वापरूच नये. हंगामाच्या सुरुवातीला पंपाची वायर हातानं पूर्ण लांबीभर तपासावी. चीर दिसली तर टेप न मारता वायर बदलावी, पाण्यातला टेप टिकत नाही.

कोणाला करंट लागलाच तर

आधी मेन स्विच. तो लांब असेल तर कोरडी काठी किंवा प्लॅस्टिकची खुर्ची वापरून माणसाला बाजूला ढकला, अंगाला हात लावू नका. रस्त्यावर पडलेली खांबावरची तार असेल तर काठीही नाही, कारण ती ११ हजार व्होल्टची असू शकते. लांब राहा आणि लाइन बंद करायला सांगा. माणूस सुटल्यावर हाका मारूनही हलत नसेल आणि श्वास चालत नसेल तर सपाट जमिनीवर झोपवून छातीच्या मधोमध दोन्ही तळव्यांनी जोरात दाबायला लागा: छाती ५ सेंटीमीटर खाली जाईल इतकं, मिनिटाला १०० ते १२० वेळा. दुसऱ्यानं १०८ लावावा. मातीत किंवा शेणात गाडून ठेवण्यात तीच मोलाची मिनिटं जातात. माणूस उठून बसला तरी दवाखान्यात न्यावा, कारण हृदयाची लय नंतरही बिघडू शकते.

आरसीसीबी सारखी पडते, काय करावं?

जुन्या घरात ती बसवली की पहिल्याच दिवशी किंवा पहिल्याच पावसात पडायला लागते. मग ‘पीस खराब आहे’ म्हणून दोन वायरी थेट जोडून तिला बाजूला केलं जातं. बहुतेक वेळा पीस चांगला असतो. सॉकेटमधला न्यूट्रलचा तो बोटभर तुकडा, दोन खोल्यांनी एकमेकांची उसनी घेतलेली न्यूट्रल किंवा ओल धरलेला जोड, यांतलं काहीतरी ती दाखवत असते.

शोधायची पद्धत सोपी आहे. घरातले सगळे प्लग उपसा आणि ती वर करा. टिकली तर दोष बहुधा एखाद्या यंत्रात किंवा त्याच्या सॉकेटमध्ये आहे. एकेक प्लग लावत जा, ज्यानं पडेल त्याचं सॉकेट आधी तपासून घ्या, ते ठीक असेल तर यंत्र दुरुस्तीला. प्लग नसतानाही पडली तर दोष वायरिंगमध्ये. मग वायरमनकडून एकेका लाइनची फेज आणि न्यूट्रल दोन्ही डब्यातून सोडवून, लाइन बंद ठेवून, मेगरनं (वायरीच्या आवरणाचा विरोध मोजणाऱ्या यंत्रानं) तपासून घ्या. ५०० व्होल्टवर मिनिटभर तपासल्यावर वायर आणि जमीन यांच्यातला विरोध निदान १ मेगाओहम, म्हणजे दहा लाख ओहम, भरला पाहिजे. ज्या लाइनीत तो भरत नाही ती लाइन सोडवूनच ठेवावी आणि तिथली वायर बदलून झाल्यावर परत जोडावी. तोवर त्या खोलीत दुसऱ्या चांगल्या लाइनीवरून एक दिवा घेता येतो.